पळसाच्या पानातला तुकडा

लग्नाकार्यात कोणी विचारलं, की तू लॅबमध्ये नेमकं काय करतेस, तर मी सांगते, बुडबुडे काढते. विचारणारीचं तोंड मग पाहण्यासारखं होतं. पण ही काही थट्टा नाही, अर्ध्याहून जास्त खरं आहे.

माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो आधी फॉर्मालिन नावाच्या औषधात मुरतो, मग अल्कोहोलमधून फिरतो, मग मेणात बसतो. त्या मेणाच्या वडीचे मी यंत्राच्या सुरीनं पातळ काप काढते. काप इतके पातळ की श्वास जोरात सोडला तरी उडतात. ते कोमट पाण्यावर पसरून काचेच्या पट्टीवर घ्यायचे, निळ्या आणि गुलाबी रंगात रंगवायचे आणि शेवटी वर डिंकासारख्या डीपीएक्सचा थेंब टाकून दुसरी पातळ काच झाकायची. ही कव्हरस्लिप. तिच्याखाली हवेचा बुडबुडा अडकला, तर मायक्रोस्कोपखाली तिथं नुसतं काळं कडं दिसतं आणि त्याखाली काय आहे ते देवालाही दिसत नाही.

कव्हरस्लिप ठेवण्याची रीत सोपी आहे, फक्त ती कोणाला पाळवत नाही. आधी एक कड टेकवायची, मग सुईच्या आधारानं दुसरी कड हळूहळू खाली सोडायची. थेंब आपला आपण पसरतो. दाबायचं नाही. शिकायला येणाऱ्या मुली हमखास दाबतात आणि मी हमखास ओरडते. माझा स्वभाव मुळातच तापट आहे. आई म्हणायची, "घरी भांडे आपटते अन् तिथं म्हने काचा ठेवते. त्या लोकायनं तुले कामावर कसं ठेवलं मंग?"

आमची लॅब भंडाऱ्यात एसटी स्टँडपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर आम्ही. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा मी शाळेत होते. पुढं नागपुरातून लॅबचा कोर्स करून आले आणि इथंच चिकटले. स्लाइड वाचणाऱ्या मॅडम नागपूरहून आठवड्यातून दोनदा येतात. त्या नसतात तेव्हा लॅबवर राज्य माझं.

माहेर माझं वैनगंगेच्या काठचं. म्हणजे होतं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि आम्हाला सरळ रस्त्यांच्या, एकसारख्या प्लॉटांच्या नव्या वस्तीत आणून बसवलं. वडिलांनी आयुष्यभर नदीत जाळं टाकलं होतं, आता धरणाच्या पाण्यात टाकू लागले. आई ती मासोळी अड्याळच्या बाजारात विकायची. बाजारात तिच्याशी भाव करायची कोणाची हिंमत नव्हती. आमच्या घरात मासोळीइतकी काळजी दुसऱ्या कशाचीच घेतली जात नसे. पाण्यातून काढली की धुवायची, पळसाच्या पानात गुंडाळायची, बर्फात ठेवायची आणि उन्हाच्या आत बाजारात पोचवायची. वडील म्हणत, "बर्फ थेट मासोळीले लागला नाई पायजे. पान मधात पायजेच." माझ्या लहानपणी हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाढ्यांच्या आधी मला तेच पाठ झालं असावं.

पोळ्याला घरी गेले तेव्हा आई डाव्या गालानं जेवत नव्हती. ती बऱ्याच वर्षांपासून दातांना तंबाखूचा गुडाखू घासायची. मी तोंड उघडायला लावलं, मोबाइलचा उजेड आत धरला. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, खरबरीत जखम. असे गाल कोणाचे असतात आणि त्यांचे तुकडे पुढं कुठं येतात, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी घाबरले. आणि घाबरले की मला राग येतो.

"किती दिवस झाले याले?"

"दात लागला," आई म्हणाली.

"दात एवढा लागते का? उद्याच्या उद्या पवनीले जायचं, तुकडा काढायचा."

तुकडा म्हटल्याबरोबर आई उठून उभी राहिली. आमच्या जुन्या गावातल्या एकाचा जबडा काढला होता आणि तो त्याच वर्षी गेला. तेव्हापासून सुरी लागली की रोग पसरतो, यावर गावात कोणाचंच दुमत नव्हतं. मी समजावलं, भांडले, रडलेसुद्धा. शेवटी आईनं चूल सारवता सारवता अट घातली.

"एकदा कापू देईन. एकदाच. दुसऱ्यांदा माह्या तोंडाले कोनी हात लावला तं मंग पाहा. तुही शपथ घेऊन सांगून राहिली."

आई घेतलेली शपथ मोडत नाही, हे तिच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. म्हणजे त्या एका तुकड्यावर सगळं होतं. त्यातून निदान झालं नाही, तर दुसरा तुकडा मिळणार नव्हता, आणि निदान नाही म्हणजे उपचार नाही.

पवनीच्या दातांच्या डॉक्टरांकडे तिला वडील घेऊन गेले. मला सुटी मिळाली नव्हती. फोनवर मी वडिलांना सगळं बजावून सांगितलं: डॉक्टर बाटली देतील, ती तुम्ही स्वतः घेऊन या, इकडं तिकडं ठेवू नका, थेट माझ्याकडे या. फक्त बाटलीतलं औषध फेकू नका, असं काही मी सांगितलं नाही. असं कोणाला सांगावं लागतं, हे मला काय माहीत!

दुपारी वडील लॅबचा जिना चढून आले तेव्हा वरून खालपर्यंत भिजलेले होते. बाहेर पाऊस सुरूच होता. डोक्यावर बाजारात नेतात तो थर्माकोलचा डबा. डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं. आत बर्फ. बर्फात ओलं फडकं. फडक्यात पळसाचं पान.

"हे काय होय बाबा?"

"तुह्या मायचा तुकडा."

मी पान उघडलं. आत वाटाण्याएवढा, फिकट गुलाबी, चकचकीत तुकडा होता. आमच्याकडे तुकडे येतात ते औषधात मुरून करडे झालेले, ताठ. इतका ताजा तुकडा मी कधी पाहिला नव्हता.

"बाटली कुठी हाय? बाटलीतली दवाई?"

"फेकून देल्ली." वडिलांच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. "वास घेतला अन् वळखली मी. बाहेरचे व्यापारी मासोळीवर मारतेत ना, तेच होय. वरून आठ दिवस ताजी दिसते अन् आतून मेलेली. तुह्या मायच्या मासाले कायले लावू देऊ? हापशीवर धुतला, पानात बांधला, बर्फात ठेवला. पाय, कसा हाय. आत्ता काढल्यावानी."

मी तिथंच ओरडले.

"मासोळी होय का ते? बाजारात विकाची हाय का? ते औषध तुकडा सडू नाई म्हनून असते! डॉक्टरनं देल्लं तं फेकाचं काहून? विचाराचं तरी एकडाव!"

लॅबमध्ये रक्त द्यायला आलेली माणसं वळून पाहू लागली. वडिलांच्या गमछ्यातून टेबलावर पाणी ठिपकत होतं. मग त्यांनी हळू आवाजात एवढंच विचारलं, "नासला का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं नाही. "जा तुमी घरी," म्हटलं आणि तुकडा औषधात टाकला. वडील रिकामा डबा डोक्यावर घेऊन जिना उतरून गेले.

मग मी डोकं थंड करून हिशेब मांडला. तुकडा सडायला वेळ मिळाला नव्हता, कारण बर्फ होता. बर्फानं गोठला असता तर आत पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटल्या असत्या, पण गोठला नव्हता, कारण पान होतं. हापशीच्या पाण्यानं मात्र वरच्या थराचं नुकसान झालं असणार. म्हणजे तुकडा वाचलाही होता आणि बिघडलाही होता. काप काढल्याशिवाय कळणार नव्हतं. मॅडमना मी फोन करून हकीकत सांगितली, फक्त पेशंट माझी आई आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये पाठवायला लावलं असतं, आणि मला तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशीपर्यंत तो औषधात राहिला, मग नेहमीच्या सगळ्या पायऱ्यांमधून गेला आणि मेणात बसला. मी वडी सुरीला लावली. वरचे काप विरविरीत निघाले, धुतलेल्या भागाचे. ते टाकले. खालच्या अर्ध्यातून कापांची अखंड पट्टी निघाली आणि मी ती कोमट पाण्यावर सोडली.

पाण्यावरून काप उचलणं हे सगळ्यांत नाजूक काम. काचेची पट्टी वरून आणली तर काप गोळा होतो. ती पाण्यात तिरपी खाली घालायची आणि कापाच्या खालून वर यायचं. हे मला कोर्समध्ये शिकवावं लागलं नव्हतं. वडील लहान मासोळीची पिल्लं जाळ्यात नाही, धोतराच्या फडक्यात धरायचे. फडकं खालून न्यायचं, पिल्लाला कळूही द्यायचं नाही. मी त्या कामात त्यांची मदतनीस होते. त्या दिवशी काप उचलताना ते आठवलं आणि बापावरचा राग आणखीच वाढला, कारण ज्याचा राग आला त्याचीच विद्या हाताला लागत होती.

दोन स्लाइडी चांगल्या मिळाल्या. बाकीचा भाग संपला, मेणात नुसती कड उरली. रंगवताना पहिल्या स्लाइडीवरचा काप सुटून पाण्यात गेला. असं होतं. इतर दिवशी मी वैतागून दुसरी घेतली असती. त्या दिवशी दुसरी म्हणजे शेवटची होती.

ती रंगली छान. अल्कोहोलच्या बरण्यांमधून काढली, झायलीनमध्ये बुडवली, थेंब टाकला, कव्हरस्लिपची एक कड टेकवली. दुसरी कड सुईवर धरून मी खाली सोडत होते आणि मनातल्या मनात वस्तीतल्या सगळ्या देवांची नावं घेत होते. थेंब पसरला. बुडबुडा एकही नाही. मी स्लाइड उजेडासमोर धरली. काचेखाली दुधासारखं पांढरं धुकं पसरत होतं.

पावसाळ्यात आमच्याकडे हवाच पाण्यानं भरलेली असते. शेवटच्या बरणीतल्या अल्कोहोलनं ते पाणी ओढून घेतलं होतं, त्यामुळे काप पुरता कोरडा झालाच नव्हता. पाणी आणि डीपीएक्स यांचं जमत नाही, एकत्र आले की धुकं. त्या धुक्यातून मॅडमना काहीही दिसलं नसतं.

आता कव्हरस्लिप परत काढायची. ओढून काढली तर काप तिच्याबरोबर निघून येतो. स्लाइड अख्खी झायलीनमध्ये उभी करायची आणि डिंक आपणहून विरघळेपर्यंत वाट पाहायची. वाट पाहणं हे माझ्या रक्तात नाही. मी उठून बरण्या धुतल्या, नवीन बाटली फोडून ताजं अल्कोहोल भरलं, टेबल पुसलं, पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मुलींपैकी एक म्हणाली, "ताई, चिमट्यानं हलकेच ओढून पाहू का?" तिच्याकडे मी असं पाहिलं की ती दुपारभर रक्ताच्या टेबलावरून इकडे फिरकली नाही.

शेवटी काच आपली आपण घसरून बरणीच्या तळाशी गेली. काप जागेवर होता. तो ताज्या अल्कोहोलमधून पुन्हा नेला, पुन्हा झायलीन, पुन्हा थेंब, पुन्हा एक कड. या वेळी काच खाली गेली आणि स्वच्छ राहिली. निळा रंग निळा, गुलाबी गुलाबी. मी खुर्चीत बसले.

मॅडम आल्या, मायक्रोस्कोपशी बसल्या. मी मुद्दाम त्यांच्या मागे उभी राहून कपाट आवरत होते. त्या म्हणाल्या, "वरचा थर गेलाय, पण खोलवरचा भाग सुंदर राहिलाय. काय केलं होतं म्हणालीस, बर्फात?" मी म्हटलं, "पळसाच्या पानात, बर्फात." त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "कॅन्सर आहे. सुरुवातीचा आहे. लवकर काढला तर चांगलं होईल. पेशंटला सांगायला कोणी समजूतदार नातेवाईक आहे का?"

"मी आहे," मी म्हटलं, आणि कपाटाला टेकून रडले.

आईला सांगायला मी स्वतः वस्तीत गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "एकदाच म्हनलं होतं मी," ती म्हणाली. मी सांगितलं, तो एक तुकडा पाहायला होता, आता काढायचं ते कायमचं काढायला. आईनं वडिलांकडे पाहिलं. वडील अंगणात जाळं शिवत होते, मान वर करत नव्हते. "ह्या मानसाले मासोळीशिवाय काई येत नाई," आई म्हणाली, "मी गेली तं उपाशी मरन. कापा." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली ती.

आई वाचली हे आत्ताच सांगून टाकते, कारण गोष्ट लांबवून लोकांना टांगून ठेवणं मला आवडत नाही. तिचं तोंड आता पूर्ण उघडत नाही, गुडाखू सुटला, बाजारातली तिची जीभ मात्र तशीच आहे. सांगायचं राहिलं ते वेगळंच आहे.

शस्त्रक्रिया नागपुरात झाली. काढलेल्या भागाच्या कडा तपासायच्या असतात, कडेला रोग उरला की नाही ते कळायला. तो भाग तिथंही तपासता आला असता, नागपुरात लॅबची काय वाण! पण वडील सर्जनसमोर हात जोडून उभे राहिले: "आमच्या पोरीकडंच जाईन जी हे." मॅडमचं नाव सर्जनना माहीत होतं, त्यांनी होकार दिला. आईजवळ माझी बहीण थांबली. तो भाग हाती घ्यायला मी आदल्या रात्रीच भंडाऱ्याला परतले होते. फोनवर वडिलांना मी बजावलं: बरणीला हात लावू नका, औषध फेकू नका, झाकण उघडू नका, वास आला तरी उघडू नका. "नाई उघडत," ते म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाले.

ते आले तेव्हा दुपार होती. बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. एसटीत त्यांनी ती खाली ठेवलीच नव्हती, मांडीवरच घेऊन बसले होते. डोळे लाल, सुजलेले, पापण्या ओल्या.

"डोळ्याले काय झालं?"

"दवाईचा वास. लय झोंबते."

माझं डोकं फिरलंच. एवढं सांगून, ओरडून, शेवटी झाकण सैल ठेवलंच! "तुमाले किती डाव सांगाचं? नीट लावलं असन तं वास कसा येईन? औषध सांडलं असन अर्धं रस्त्यात!"

एरवी वडील एकाला दोन सुनावतात. आईचा नवरा आहे तो. त्या दिवशी ते नुसतं "असन" म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मी बरणी आत नेली. वर प्लास्टिकची पिशवी होती, तिला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ. गाठ सुटेना, कापली. आत दुसरी पिशवी, तशीच गाठ. तिच्या आत तिसरी. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, म्हणून मी मनाशी थोडी हसलेसुद्धा. शेवटी बरणी दिसली. झाकणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी इतकी घट्ट ताणून बांधली होती की ती काढायला मला पकड आणावी लागली. पिशव्या तिन्ही आतून कोरड्या होत्या. औषध काठोकाठ होतं. मी नाक झाकणाला लावलं आणि जोरात श्वास घेतला. कसलाही वास नव्हता.

मी बरणी जपून फडताळात ठेवली, हात धुतले आणि बाहेर येऊन वडिलांच्या शेजारी बाकावर बसले. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

"झाकन सैलच होतं बाबा," मी म्हटलं. "लय वास येऊन राहिला."

"म्हनलं ना तुले," ते म्हणाले, आणि गमछ्यानं डोळे पुसले.